सेप्पुकू: मान कुणाचा, मरण कुणाचं?

 

सुरुवातीलाच एक सूचना. आजचा भाग आत्महत्येच्या एका ऐतिहासिक प्रथेबद्दल आहे. रक्तरंजित तपशिलांत आपण जाणार नाही, पण विषय जड आहे. आज मन ठिकाणावर नसेल तर हा भाग राहू द्या, नंतर कधीतरी ऐका. आणि कुणाशी बोलावंसं वाटत असेल तर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.

तर विषय आहे सेप्पुकू. म्हणजे ज्याला आपण हाराकिरी म्हणून ओळखतो ते.

२०२४ मध्ये ‘शोगुन’ ही वेबसिरीज आली आणि हा विषय पुन्हा सगळ्यांच्या फोनवर पोचला. पांढरे कपडे घातलेला सामुराई, आजूबाजूला शांतता, चेहऱ्यावर रेषही हलत नाही. मग त्या प्रसंगाचे रील्स होतात, मागे बासरी वाजते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘अपमानापेक्षा मरण बरं’. बघताना अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोला.

पण त्या रीलमध्ये एक गोष्ट कधीच दिसत नाही. त्या माणसाला तिथे बसायला सांगितलं कुणी? आणि तो मेल्यावर फायदा कुणाचा झाला? आज आपण हे दोन प्रश्न खिशात ठेवून साधारण आठशे वर्षं फिरणार आहोत.

आधी शब्द, मग पोट

सेप्पुकू आणि हाराकिरी हे एकाच गोष्टीचे दोन शब्द आहेत. लिहिताना चिन्हंही तीच, फक्त क्रम उलटा. एक चिन्ह ‘कापणे’चं, दुसरं ‘पोट’चं. सेप्पुकू हा चिनी वळणाचा उच्चार, म्हणून तो भारदस्त, कागदोपत्री वाटतो. हाराकिरी हा रोजच्या बोलण्यातला जपानी उच्चार. आपल्याकडे ‘देहावसान’ आणि ‘मरण’ यांत जसा फरक आहे, तसं काहीसं समजा.

आता पोटच का? कारण जपानी भाषेत ‘हारा’ म्हणजे पोट, आणि माणसाचं खरं मन तिथे राहतं अशी जुनी समजूत. भाषेत ती अजून जिवंत आहे. राग आला की जपानी माणूस म्हणतो, पोट उभं राहिलं. मोकळेपणाने बोलायचं तर पोट फोडून बोलायचं. कपटी माणूस काळ्या पोटाचा. ठाम निर्णय घेतला की पोट ठरवलं.

आणि हे आपल्याला परकं वाटायला नको. आपणही म्हणतोच की, पोटात एक आणि ओठात एक. चूक पोटात घालतो. पोटतिडकीने बोलतो. म्हणजे आतलं खरं काय ते पोटात, ही कल्पना मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

तर सेप्पुकूमागचा मूळ अर्थ असा, की माझं आतलं मन स्वच्छ आहे, हे बघा. जो भाग कुणाला दिसत नाही तोच उघडा करून दाखवायचा. हा अर्थ लक्षात ठेवा, कारण पुढे याच अर्थाचा वापर कसकसा होतो ते बघण्यासारखं आहे.

सुरुवात रणांगणावर

या प्रथेचं सर्वांत प्रसिद्ध सुरुवातीचं उदाहरण आहे ११८० सालचं. मिनामोतो नो योरिमासा नावाचा सत्तरी ओलांडलेला योद्धा. कवी म्हणूनही नावाजलेला. उजी नदीकाठी लढाई हरला आणि ब्योदोइन या देवळाच्या आवारात त्याने स्वतःचा शेवट केला. आधी एक कविता लिहिली, असं सांगतात. ते देऊळ आजही आहे. जपानच्या दहा येनच्या नाण्यावर जी इमारत दिसते, ती त्याच देवळातली.

त्याने असं का केलं? त्या काळी लढाईत शत्रूचं डोकं हे बक्षीस असायचं. डोकं नेऊन दाखवा, जमीन मिळवा. जिवंत सापडलात तर हाल आणि विटंबना. म्हणून हातात पडण्याआधी संपायचं. योरिमासाचं डोकं त्याच्या माणसाने नदीत बुडवलं, शत्रूला मिळू नये म्हणून, असं कथा सांगते. म्हणजे मुळात हा एका हरलेल्या माणसाचा शेवटचा हिशोब होता. विधीचे नियम वगैरे नंतर आले.

पुढे १३३३ मध्ये कामाकुरा शहर पडलं तेव्हा तिथल्या सत्ताधारी होजो घराण्याने आणि त्यांच्या माणसांनी तोशो-जी या देवळात सामूहिकरीत्या प्राण दिले. युद्धकथांमध्ये आकडा आठशेच्या वर सांगितला आहे.

पण थांबा. यावरून सगळे सामुराई हरले की मरायचे, असं समजू नका. सोळाव्या शतकातल्या यादवीत सामुराई भरपूर शरण गेले, भरपूर पळाले आणि मालकही बदलत राहिले. तोदो ताकातोरा नावाच्या सरदाराने सातएक मालक बदलले आणि शेवटी मोठा जहागीरदार होऊन सुखाने म्हातारा झाला. त्याच्यावर रील कुणी करत नाही, एवढंच.

१५८२: एका होडीवरचा सौदा

आता माझा सर्वांत आवडता, आणि सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग.

साल १५८२. ओदा नोबुनागा हा जपानचा सर्वांत ताकदवान माणूस. त्याचा सेनापती हिदेयोशी आजच्या ओकायामा भागात ताकामात्सू नावाच्या किल्ल्याला वेढा घालून बसलाय. किल्ला दलदलीत आहे, हल्ला करून मिळत नाही. मग हिदेयोशीने बांध घातला, नदीचं पाणी वळवलं आणि किल्लाच पाण्यात बुडवायला घेतला. आत शिमिझू मुनेहारू हा किल्लेदार आणि हजारो माणसं.

तेवढ्यात तिकडे क्योतोमध्ये नोबुनागाच्याच एका सरदाराने, अकेची मित्सुहिदेने, होन्नो-जी या देवळात त्याला घेरलं. नोबुनागाने तिथेच प्राण दिले. ही बातमी रात्रीतून हिदेयोशीला पोचली. समोरच्या शत्रूला अजून पत्ता नाही.

हिदेयोशीने काय केलं? बातमी दाबली. आणि घाईघाईने तह केला. अट एक: किल्लेदाराने सेप्पुकू करायचा, बाकी सगळ्यांना जीवदान. मुनेहारू तयार झाला. बुडालेल्या किल्ल्यातून होडी निघाली, दोन्ही सैन्यं बघत होती, आणि त्या होडीवर त्याने प्राण दिले. किल्ला वाचला.

हिदेयोशी लगेच सैन्य घेऊन उलट फिरला, वेगाने क्योतोकडे आला आणि नोबुनागाच्या मृत्यूनंतर दोन आठवड्यांच्या आत मित्सुहिदेला हरवून त्याचा वारसदार असल्यासारखा उभा राहिला. पुढे जपानचा सर्वेसर्वा झाला.

मुनेहारूच्या धैर्याबद्दल शंकाच नाही. आपल्या माणसांसाठी तो गेला. पण टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाने पत्ते लपवले होते. मुनेहारूला खरी बातमी कळली असती तर? कदाचित वेढाच उठला असता.

याच हिदेयोशीने १५९१ मध्ये सेन नो रिक्यूला सेप्पुकूचा हुकूम दिला. रिक्यू कोण? योद्धा नव्हे, जपानच्या चहाविधीचा सर्वांत मोठा गुरू, सत्तरीला टेकलेला. नेमकं कारण काय, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. आणि १५९५ मध्ये हिदेयोशीने स्वतःच्या भाच्याला, हिदेत्सुगूला, तोच हुकूम दिला. त्यानंतर हिदेत्सुगूच्या घरातल्या बायकामुलांना क्योतोत नदीकाठी ठार मारण्यात आलं. म्हणजे शेवटची गोष्ट कळली ना? सन्मानाचा म्हणून जो विधी, तो सत्ताधाऱ्याच्या हातातलं एक हत्यार झाला होता.

शांततेच्या काळात मरण

१६०३ पासून तोकुगावा घराण्याची राजवट सुरू झाली आणि हळूहळू लढाया संपल्या. अडीचशे वर्षं साधारण शांतता. मग लढणाऱ्या माणसांनी करायचं काय?

काहींनी वेगळाच मार्ग धरला. मालक आजारपणाने, अंथरुणात वारला तरी त्याच्यामागे जायचं. याला ‘जुन्शी’ म्हणतात. १६३६ मध्ये दाते मासामुने वारला तेव्हा त्याचे १५ सेवक त्याच्यामागे गेले. १६५१ मध्ये शोगुन इएमित्सू वारला, त्याच्यामागे राज्याचे मोठमोठे मंत्री गेले. कुठल्या घराण्यात किती जण मेले, याची जणू चढाओढ.

आणि गंमत बघा, सामुराईंच्याच सरकारने यावर बंदी घातली. १६६३ मध्ये. कारण साधं होतं, कामाची, अनुभवी माणसं अशी जाणं राज्याला परवडणारं नव्हतं. पाचच वर्षांनी, १६६८ मध्ये उत्सुनोमिया इथे एकाने बंदी मोडली, तर शिक्षा म्हणून त्या जहागिरीचा मुलूख कमी केला आणि सेवकाच्या मुलांना मृत्युदंड दिला. प्रथा बऱ्यापैकी थांबली.

आता ‘हागाकुरे’ या पुस्तकाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. सामुराईचा मार्ग म्हणजे मरण, या अर्थाची वाक्यं त्यातून घेऊन इंटरनेटवर फिरत असतात. ते सांगणारा यामामोतो त्सुनेतोमो. १७०० मध्ये त्याचा मालक वारला तेव्हा त्यालाही मागे जायचं होतं, पण बंदी होती. मग तो भिक्षू झाला, एका झोपडीत राहिला आणि पुढे तिथे एका तरुण सामुराईला आपले विचार सांगत बसला. त्याने आयुष्यात एकही लढाई पाहिली नव्हती. मरणाबद्दलचं ते प्रसिद्ध पुस्तक शांततेच्या काळातल्या एका निवृत्त कारकुनी माणसाचं आहे.

याच काळात सेप्पुकू पक्का सरकारी झाला. सामान्य माणसाला मृत्युदंड म्हणजे शिरच्छेद किंवा त्याहून भयानक काही. सामुराईला मात्र सेप्पुकू, म्हणजे शिक्षा तीच पण इज्जत राखून. कुठे बसायचं, साक्षीदार कोण, कपडे कुठले, सगळं ठरलेलं. शेजारी ‘काइशाकू’ म्हणजे साहाय्यक उभा, वेदना लांबू नयेत म्हणून. पुढे पुढे तर अनेकदा समोर शस्त्राऐवजी पंखा ठेवायचे, आणि तो उचलला की साहाय्यक त्याचं काम करायचा. म्हणजे खरं तर शिरच्छेदच, फक्त नाव वेगळं.

४६ जण आणि एक कायदेशीर पेच

एडो, म्हणजे आजचं टोकियो. १७०१. शोगुनच्या किल्ल्यात असानो नावाच्या तरुण जहागीरदाराने किरा नावाच्या ज्येष्ठ अधिकाऱ्यावर तलवार उपसली. किरा जखमी झाला, वाचला. किल्ल्यात शस्त्र काढणं हा भयंकर गुन्हा. असानोला त्याच दिवशी सेप्पुकूचा हुकूम. त्याची आको इथली जहागीर जप्त. किराला काहीच शिक्षा नाही. आणि भांडणात दोघांनाही शिक्षा करायची हा जुना रिवाज होता, त्यामुळे लोकांना हे खुपलं.

असानोचे सेवक बेकार झाले. मालक नसलेला सामुराई म्हणजे रोनिन. त्यांचा प्रमुख ओइशी कुरानोसुके. जवळजवळ पावणेदोन वर्षं वाट बघून १७०३ च्या जानेवारीत, एका थंडीच्या रात्री, त्यांनी किराच्या वाड्यावर छापा घातला, त्याचं डोकं कापलं आणि सेंगाकु-जी देवळात आपल्या मालकाच्या थडग्यासमोर नेऊन ठेवलं.

आता सरकारची अडचण बघा. मालकाशी निष्ठा ठेवा, हे सरकारच शिकवत होतं. यांनी ती ठेवली. पण कायदा मोडला, एका अधिकाऱ्याचा खून केला. शाबासकी द्यायची की फाशी?

सात आठवडे खल चालला. विद्वानांत दोन तट पडले. ओग्यू सोराई या विचारवंताचं म्हणणं साधारण असं, की भावना समजते, पण खासगी निष्ठेसाठी कायदा वाकवला तर राज्य चालणार नाही. म्हणून मृत्युदंड हवा, पण सामुराईला शोभेल असा. शेवटी तेच झालं. मार्चमध्ये ४६ जणांनी सेप्पुकू केला. सर्वांत लहान ओइशीचाच मुलगा, १५-१६ वर्षांचा. सर्वांत मोठा सत्तरीच्या पुढचा.

सरकारने एका दगडात दोन पक्षी मारले. कायदाही राहिला आणि जनताही शांत राहिली. १७४८ मध्ये यावर ‘चुशिंगुरा’ हे बाहुलीनाट्य आलं आणि ही कथा घराघरात गेली. सेंगाकु-जीला आजही लोक उदबत्त्या लावतात.

शेवटची वर्षं

१८६८. तोकुगावा राजवट कोसळतेय. कोबे इथे ओकायामाच्या सैन्याने परदेशी लोकांवर गोळीबार केला. कुणी मेलं नाही, पण परदेशी राजदूत खवळले. नव्या सरकारला त्यांची मान्यता हवी होती. मग गोळीबाराचा हुकूम दिल्याबद्दल ताकी झेनझाबुरो या एका अधिकाऱ्याला सेप्पुकूची शिक्षा झाली, परदेशी साक्षीदारांसमोर. त्यात मिटफर्ड नावाचा इंग्रज होता. त्याने ते सगळं लिहून ठेवलं आणि त्या वर्णनामुळे युरोपच्या डोक्यात सेप्पुकूचं चित्र पक्कं बसलं. त्या चित्रात ताकीची शांतता आहे. तो राजनैतिक सौद्याची किंमत म्हणून तिथे बसला होता, हे मात्र सहज नजरेआड होतं.

त्याच वर्षी आइझू इथे जे घडलं ते ऐका. ‘ब्याक्कोताई’ म्हणजे ‘पांढऱ्या वाघांची तुकडी’. वय १६-१७. त्यातली वीस पोरं लढाईत वेगळी पडली, इइमोरी टेकडीवर पोचली. तिथून त्यांना किल्ल्याच्या बाजूला धूर दिसला. वाटलं, किल्ला पडला, सगळं संपलं. त्यांनी तिथेच जीव दिला.

किल्ला पडला नव्हता. शहर जळत होतं, किल्ला पुढे महिनाभर लढत राहिला.

वीसपैकी एक वाचला. इइनुमा सादाकिची. एका स्थानिक बाईने त्याला वाचवलं. तो पुढे तारखात्यात अभियंता झाला, १९३१ पर्यंत जगला, आणि त्या दिवसाबद्दल बरीच वर्षं गप्प राहिला. विचार करा, संदेश पोचवायचं काम त्याने आयुष्यभर केलं, आणि त्याचे मित्र गेले ते खरी खबर पोचली नाही म्हणून.

त्या टेकडीवर आज एक खांब आहे, १९२८ मध्ये मुसोलिनीच्या इटलीने भेट दिलेला. नाझी काळातल्या जर्मनीकडून आलेला दगडही आहे. मेलेल्या पोरांची कथा कुणाला आवडत होती, ते यावरून कळतं.

१८६९ मध्ये नव्या सभेत सेप्पुकू बंद करावा असा प्रस्ताव आला. मिटफर्डच्या नोंदीनुसार २०९ पैकी २०० जण विरोधात गेले, बाजूने फक्त तिघे. तरीही १८७३ मध्ये शिक्षा म्हणून तो कायद्यातून गेला.

प्रथा गेली, कल्पना राहिली

१९०० मध्ये नितोबे इनाझोचं ‘बुशिदो’ आलं. इंग्रजीत, अमेरिकेत राहून, पाश्चात्त्य वाचकांसाठी लिहिलेलं. सामुराईंचा धर्म म्हणून जगाला जे माहीत झालं, त्यातलं बरंच या पुस्तकातून आलं. लेखक स्वतः ख्रिश्चन, शांततावादी.

१९१२ मध्ये सम्राट मेइजीच्या अंत्ययात्रेच्या दिवशी जनरल नोगी आणि त्यांची पत्नी शिझुको यांनी प्राण दिले. ३५ वर्षांपूर्वी लढाईत पलटणीचं निशाण गमावल्याची बोच त्यांनी मागे ठेवलेल्या पत्रात लिहिली होती. काही जपानी भारावले, काहींनी तेव्हाच विचारलं, हे कशासाठी? १९७० मध्ये प्रसिद्ध लेखक युकिओ मिशिमाने टोकियोतल्या लष्करी तळावर सैनिकांसमोर भाषण केलं. सैनिकांनी हुर्यो उडवली. मग त्याने सेप्पुकू केला. देश हादरला.

या दोघांच्या मधल्या काळात सर्वांत भयानक गोष्ट घडली. सामुराई हा समाजातला छोटा वर्ग, लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहून कमी. बाकी शेतकरी, कारागीर, व्यापारी. त्यांना या ‘माना’शी कधी देणंघेणं नव्हतं. पण १९४१ मध्ये जपानी लष्कराने सैनिकांना आचारसंहिता दिली: कैदी होऊन लाजिरवाणं जगू नका. शेतकऱ्याच्या पोराला सांगितलं, तूही सामुराई. १९४५ मध्ये ओकिनावात तर साध्या नागरिकांनी, आयाबायांनी, मुलाबाळांसकट जीव दिले. अनेकांना हातबॉम्ब लष्कराकडूनच मिळाले होते. २००७ मध्ये शाळेच्या पुस्तकातून लष्कराचा हा सहभाग पुसट करायचा प्रयत्न झाला, तेव्हा ओकिनावातले लोक प्रचंड संख्येने रस्त्यावर उतरले.

ती माणसं मान मिळवायला आली नव्हती. आमची माणसं स्वतःहून मेली असं लिहू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तर मग?

खिशातले दोन प्रश्न आता काढू या. सांगितलं कुणी, फायदा कुणाचा?

योरिमासाला कुणी सांगितलं नव्हतं. मुनेहारूला हिदेयोशीने सांगितलं. असानोला शोगुनने, ताकीला नव्या सरकारने. ब्याक्कोताईच्या पोरांना त्यांच्या शिक्षणाने आणि लांबून दिसलेल्या धुराने. ओकिनावातल्या आयांना लष्कराने. आठशे वर्षांत ‘सांगणारा’ मोठा मोठा होत गेला आणि निवड लहान लहान.

या माणसांचं धैर्य खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण त्या धैर्याचा हिशोब बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या वहीत जमा झाला.

जपानी कलावंतांनी हे आपल्या आधीच ओळखलंय. कोबायाशी मासाकीचा ‘हाराकिरी’ हा १९६२ चा सिनेमा शोधून बघा. कृष्णधवल आहे, संथ आहे, पण हललात नाही तर सांगा. मानाच्या नावाखाली एक घराणं गरीब रोनिनचं काय करतं, याची ती गोष्ट.

आणि पुढच्या वेळी ते बासरीवालं रील समोर आलं, तर वर सरकवण्याआधी एक सेकंद त्या फ्रेमच्या बाहेर बघा. तिथे कुणीतरी बसलेलं असतं. साक्षीदार म्हणून, सुरक्षित.

भाग कसा वाटला ते कळवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, स्वतःचीही आणि शेजारच्या गप्प बसलेल्या मित्राचीही.